स्वतःचा निवाडा देवावर सोपवणं: ख्रिस्ती नम्रता आणि कृपा

ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल एक चमत्कारिक वाटावी अशी गोष्ट सांगतो. तुम्ही माझा न्याय केलात किंवा माणसांच्या एखाद्या न्यायसभेनं केला, तरी मला त्याचं फारसं काही वाटत नाही, असं तो म्हणतो. इथवर समजायला सोपं आहे. लोकांच्या बोलण्याची पर्वा करू नका, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण पौल तिथं थांबत नाही. मी स्वतःचाही न्याय करत नाही, असं तो पुढे म्हणतो. माझं मन मला कशाबद्दल दोष देत नाही, पण तेवढ्यावरून मी निर्दोष ठरत नाही; माझा न्याय करणारा प्रभू आहे.

पत्र साधारण इ.स. ५५ च्या सुमाराचं, इफिस शहरातून लिहिलेलं. करिंथच्या मंडळीत तेव्हा गट पडले होते. कुणी म्हणे मी पौलाचा, कुणी म्हणे मी अपुल्लोस या दुसऱ्या शिक्षकाचा, कुणी केफाचा, म्हणजे पेत्राचा. कोण मोठा आणि कोण खरा प्रेषित, याचे हिशेब चालले होते. अशा वेळी माणूस सहसा आपली बाजू मांडतो. किंवा मग खचतो आणि म्हणतो, खरंच, मी कसला प्रेषित! पौल यातलं काहीच करत नाही. आपला निकाल आपण द्यायचाच नाही, असं तो ठरवतो.

या भूमिकेचे दोन भाग आहेत आणि बहुतेक विश्वासणाऱ्यांना त्यातला पहिलाच शिकवला जातो. स्वतःला नीतिमान समजू नका, फुगू नका, हे आपण लहानपणापासून ऐकतो. दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा आहे: स्वतःला दोषी ठरवून शिक्षाही तुम्ही सुनावू नका. ‘मी अगदी नालायक आहे, माझ्यासारख्याला देव कसा जवळ करेल’ असं म्हणणारा माणूस नम्र वाटतो. त्याला स्वतःलाही तसंच वाटत असतं. पण न्यायासनावर तोही बसलेलाच आहे. गर्विष्ठ माणूस त्या आसनावर बसून स्वतःला निर्दोष सोडतो, हा स्वतःला दोषी ठरवतो. आसन एकच, आणि ते दोघांचंही नाही.

हे पटायला थोडं जड जातं, कारण स्वतःला कमी लेखणं म्हणजेच नम्रता, ही समजूत फार खोल रुजलेली आहे. ती तपासायची तर सरळ येशूकडेच बघावं.

पाय धुणारा आणि पाय मागे घेणारा

ख्रिस्ती शिकवणुकीत नम्रतेचा नमुना कोण? अर्थातच येशू. आणि येशूच्या ठायी पाप नव्हतं, असंही हीच शिकवण सांगते. मग ज्याच्याकडे स्वतःला तुच्छ मानण्याचं काही कारणच नाही, तो नम्रतेचा नमुना कसा ठरतो? नम्रता म्हणजे स्वतःची निंदा असती, तर येशूला नम्र होताच आलं नसतं.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातला प्रसंग सगळ्यांना माहीत असतो, पण त्यातल्या एका तपशिलाकडे सहसा लक्ष जात नाही. पित्यानं सर्व काही आपल्या हाती दिलं आहे, आपण देवाकडून आलो आहोत आणि देवाकडे जात आहोत, हे जाणून येशू भोजनावरून उठला, असं योहान लिहितो. मग त्यानं बाह्यवस्त्रं काढून ठेवली, कमरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी ओतलं आणि शिष्यांचे पाय धुऊन रुमालानं पुसू लागला. क्रम बघा. आधी आपण कोणाचे आहोत याची पक्की खात्री, आणि मग गुलामाचं काम. त्याला स्वतःकडे बघायची गरजच उरलेली नव्हती, म्हणून तो दुसऱ्याच्या पायांकडे बघू शकला.

पेत्राची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत. ऐकायला हे केवढं विनयाचं वाटतं! गुरूनं आपले पाय धुवावेत ही कल्पनाच त्याला सहन झाली नाही. पण येशूचं उत्तर कडक आहे: मी तुला धुतलं नाही, तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही. मला वाटतं, कृपेबद्दल, म्हणजे आपली लायकी न बघता देव जे देतो त्याबद्दल, जे काही समजून घ्यायचं ते बरंचसं या दोन वाक्यांत आहे. पेत्राच्या नकारात विनय होता, तसाच एक हट्टही होता. देवानं आपल्याशी कसं वागावं हे तोच ठरवू पाहत होता. त्या घटकेला नम्रता दाखवायची एकच रीत होती: पाय पुढे करायचे आणि गप्प बसायचं.

आपल्या पापाची लाज वाटून प्रार्थना टाळणारा, ‘जरा सुधारतो आणि मग देवापुढे जातो’ म्हणणारा माणूस पेत्रासारखेच पाय मागे घेत असतो.

जकातदारानं काय केलं नाही

लूकच्या अठराव्या अध्यायातला दाखला याच विषयावरचा आहे. दोघे जण मंदिरात प्रार्थनेला गेले, एक परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला, आणि एक जकातदार, म्हणजे लोक ज्याला पापी समजत असा करवसुली करणारा. परूश्याची प्रार्थना आपण फार चटकन उडवून लावतो. तो खोटं बोलत नव्हता. आठवड्यातून दोनदा उपास आणि सगळ्या मिळकतीचा दशांश, हे तो खरोखर करत असणार. शिवाय सुरुवात त्यानं देवाचे आभार मानूनच केली. बिघडलं ते पुढे. इतर माणसं, आणि हा जकातदार, यांच्याशी तुलना करून त्यानं आपली किंमत ठरवली आणि ती तयार किंमत देवापुढे ठेवली. देवाला ठरवायला त्यानं काही शिल्लकच ठेवलं नाही.

जकातदार दूर उभा राहिला. वर पाहायलाही धजला नाही. ऊर बडवत म्हणाला, हे देवा, मज पापी माणसावर दया कर. आता इथं वाचकाची गल्लत होते. ऊर बडवणं हेच त्याच्या प्रार्थनेचं सार आहे, असं धरून आपणही मनातल्या मनात ऊर बडवायला लागतो. पण त्यानं काय केलं नाही तेही बघायला हवं. त्यानं पापांची लांबलचक यादी वाचली नाही. पुन्हा असं करणार नाही अशी शपथ घेतली नाही. माझ्यासारख्याला क्षमा मिळणं शक्य नाही, असा निष्कर्षही काढला नाही. त्यानं खरं काय ते एका शब्दात कबूल केलं आणि दया मागितली. निकाल त्याच्या तोंडून आलाच नाही. तो येशूनं सांगितला: हा नीतिमान ठरून घरी गेला.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळींमध्ये शतकानुशतकं जपली जाणारी ‘येशूची प्रार्थना’ याच शब्दांच्या आधारावर उभी आहे: प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर. ‘मी पापी’ हे त्यात आहे, पण ते सगळ्यात शेवटी, आधी कोणाला हाक मारली आहे ते सांगून झाल्यावर.

पौलही स्वतःला पाप्यांमधला पहिला म्हणवतो. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं ते वचन अनेक जण स्वतःला झोडपण्यासाठी वापरतात. मूळ वाक्य मात्र वेगळंच काही सांगतं. पापी लोकांना तारायला ख्रिस्त येशू जगात आला, त्यांच्यात मी पहिला, आणि म्हणूनच माझ्यावर दया झाली, असं ते आहे. दयेच्या उंबरठ्याच्या आत उभं राहून दिलेली ही कबुली आहे.

कृपा फक्त सुरुवातीला लागते का?

पाचव्या शतकाच्या आरंभी रोममध्ये पेलागियस नावाचा, ब्रिटनहून आलेला एक व्रतस्थ शिक्षक होता. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचे बिशप ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनात देवाला उद्देशून लिहिलेलं एक वाक्य कुणीतरी त्याच्यासमोर म्हटलं: तू जी आज्ञा करतोस ती पाळण्याचं बळ दे, आणि मग हवी ती आज्ञा कर. पेलागियसला ते मुळीच सहन झालं नाही. त्याची चिंता समजण्यासारखी होती. सगळं देवानंच द्यायचं म्हटलं, तर माणूस धडपड कशाला करेल? आधीच ढिले पडलेले ख्रिस्ती लोक आणखी ढिले होतील. त्याचं म्हणणं असं की देवानं माणसाला इच्छाशक्ती दिली आहे, नियम दिला आहे, ख्रिस्ताचा नमुना दिला आहे. आता चालायचं माणसानं.

ऑगस्टीन यांचं उत्तर होतं की माणसाची इच्छाच आजारी आहे. तिला नुसता रस्ता दाखवून भागत नाही. इ.स. ४१८ मध्ये कार्थेज इथं भरलेल्या धर्मसभेनं ऑगस्टीन यांची बाजू उचलून धरली. झालेल्या पापांची क्षमा एवढाच कृपेचा अर्थ नाही, पुढे पाप टाळायलाही कृपाच लागते. आणि ती चांगलं वागणं नुसतं सोपं करत नाही, तिच्याविना ते घडतच नाही, असं त्या सभेनं ठरवलं. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात हेच थोडक्यात आहे: तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे झालं आहे, ते तुमच्या हातून झालेलं नाही, ते देवाचं दान आहे.

हा जुना वाद मी मुद्दाम सांगतो आहे. तारण कृपेनं होतं हे आज बहुतेक ख्रिस्ती माणसं तोंडानं मान्य करतात, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यातले कितीतरी जण पेलागियसच्या बाजूचे होतात. क्षमा फुकट मिळाली खरी, पण देवाचं प्रेम टिकवायचं तर ते कमवावं लागेल, असं त्यांना आत कुठंतरी वाटत असतं. मग दिवस चांगला गेला की देव जवळ, आणि वाईट गेला की देव दूर. ही सगळी मोजणी त्यांची स्वतःची असते.

एक साधा प्रसंग

समजा, कामाच्या ठिकाणी तुम्ही एका सहकाऱ्याला सगळ्यांसमोर टाकून बोललात. चूक त्याची लहान होती, राग तुमचा मोठा होता. घरी आल्यावर मन खायला लागतं.

इथून एक वाट अशी जाते: मी असाच आहे, इतकी वर्षं प्रार्थना करूनही मी बदललो नाही, माझा विश्वास खोटाच असणार. अर्ध्या तासात तुम्ही जुन्या दहा गोष्टी उकरून काढता. डोळ्यांत पाणीही येतं. पण या अर्ध्या तासात त्या सहकाऱ्याचा विचार किती वेळा आला? बहुधा एकदाही नाही. ज्याला लागलं तो बाजूला राहिला आणि सगळं लक्ष तुमच्यावरच खिळलं. आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर जायचीही लाज वाटते, म्हणून माफी मागणं राहून जातं.

दुसरी वाट छोटी आहे. हे मी केलं, ते वाईट होतं, प्रभू दया कर, उद्या त्याची माफी मागायचं बळ दे. एवढं म्हणून झोपायचं. वरवर बघता दुसरा माणूस स्वस्तात सुटल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात सकाळी उठून सगळ्यांसमोर माफी मागण्याचं अवघड काम त्याच्याच हातून होण्याचा संभव जास्त. पौल करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात दोन प्रकारचं दुःख सांगतो: देवाच्या इच्छेनुसार झालेलं दुःख पश्चात्तापाकडे आणि तारणाकडे नेतं, जगाचं दुःख मरणाकडे. दुःख खरं आहे की नाही हे ते किती तीव्र आहे यावरून कळत नाही. ते तुम्हाला कुठं घेऊन जातं यावरून कळतं.

मानरेसातला माणूस

स्वतःच्या पापांचा हिशेब किती भीषण होऊ शकतो हे बघायचं असेल, तर पुढे जेझुइट संघ स्थापन करणारे स्पेनमधले इग्नेशियस लोयोला यांची हकिकत वाचावी. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं त्यांचा पाय मोडला, अंथरुणावर असताना मन पालटलं, आणि १५२२ च्या मार्चमध्ये मोन्सेरातच्या मठात त्यांनी आयुष्यभराची पापं लिहून काढून तीन दिवस धर्मगुरूजवळ त्यांची कबुली दिली. तिथं सगळं संपायला हवं होतं.

जवळच्या मानरेसा गावात राहू लागल्यावर शंका सुरू झाल्या. एखादं पाप सांगायचं राहिलं असेल का? सांगितलं ते नीट सांगितलं का? पुन्हा कबुली, पुन्हा शंका. कबुली ऐकणाऱ्यानं सांगितलं, जुनी पापं आता उगाळू नका, अगदी स्पष्ट काही असेल तरच सांगा. पण इग्नेशियस यांना सगळंच स्पष्ट वाटे, म्हणून सुटका नाही. रोज सात तास गुडघ्यांवर प्रार्थना चालू होती. खोलीत एक मोठं भोक होतं, त्यात स्वतःला झोकून द्यावं असा विचारही पुनःपुन्हा येऊ लागला. शेवटी देव सोडवेपर्यंत अन्नपाणी घ्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं आणि एका रविवारपासून पुढच्या रविवारपर्यंत काही खाल्लं नाही. कबुली ऐकणाऱ्यानं उपास सोडायला सांगितला, त्यांनी सोडला. दोन दिवस बरे गेले. मंगळवारी प्रार्थनेत एकामागून एक पापं पुन्हा आठवू लागली, आणि त्याबरोबर या साऱ्या जगण्याचाच वीट आला, ते सोडून द्यावंसं वाटलं.

त्या क्षणी त्यांना कळलं की हा आवाज आपल्याला देवाकडे नेत नाही, देवापासून तोडतो आहे. जुन्या पापांची कबुली आता पुन्हा द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं आणि ते मोकळे झाले. पुढे साधकांसाठी नियम लिहिताना अशा शंकाकुशंकांवर त्यांनी वेगळी टिपणं घातली.

या हकिकतीत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की इग्नेशियस आणखी पुण्यवान होऊन सुटले नाहीत. हिशेब बंद केल्यावर सुटले. जवळपास त्याच काळात जर्मनीत मार्टिन ल्यूथर हा ऑगस्टिनियन साधूही तासन्‌तास कबुली देऊन थकला होता आणि रोमकरांस पत्रातल्या पहिल्या अध्यायाशी झगडून त्याच जागी पोचला: देवाचं नीतिमत्त्व ही आपल्यावरची टांगती तलवार नसून ते आपल्याला विश्वासाच्या द्वारे मिळणारं देवाचं दान आहे. पुढे ही दोन नावं एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना उभी राहिली, इग्नेशियस कॅथलिक बाजूला आणि ल्यूथर प्रोटेस्टंट बाजूला; चर्च दुभंगलं. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग इथं कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो याबद्दलच्या संयुक्त निवेदनावर सह्या केल्या, तेव्हा दोघांनी मिळून कबूल केलं की आपल्या कुठल्याही लायकीमुळे नव्हे, तर केवळ कृपेनं देव आपला स्वीकार करतो, आणि तोच सत्कृत्यांसाठी आपल्याला बळ देतो.

एक गोष्ट इथंच सांगून ठेवायला हवी. पाप केल्याची शंका दिवसरात्र पाठ सोडत नसेल, तेच ते विचार थांबत नसतील, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो ओसीडी (नको असलेले विचार पुनःपुन्हा येत राहण्याचा मानसिक आजार) किंवा नैराश्यासारखा आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडला असं अजिबात नाही, आणि जीव नकोसा झाला असेल तर आजच कुणाला तरी सांगा.

मग स्वतःला तपासायचंच नाही?

तपासायचं. पौलच दुसरीकडे लिहितो, तुम्ही विश्वासात आहात की नाही याची स्वतः परीक्षा करा. प्रभुभोजनाआधीही माणसानं स्वतःला पारखावं, असं तो सांगतो. तपासणं वेगळं आणि निकाल देणं वेगळं. आज मी खोटं बोललो, हे तपासणं झालं. मी खोटारडा आहे आणि तसाच राहणार, हा निकाल झाला. पहिलं आपलं काम आहे, दुसरं नाही.

इग्नेशियस यांनी रोजच्या आत्मपरीक्षणाचे जे टप्पे सांगितले, त्यांचा क्रम म्हणूनच फार विचारपूर्वक लावलेला आहे. आधी मिळालेल्या देणग्यांबद्दल आभार. मग आपली पापं ओळखता यावीत म्हणून कृपेची मागणी. त्यानंतर कुठं तासागणिक दिवसाचा आढावा. मग क्षमा मागणं, आणि शेवटी देवाच्या कृपेनं सुधारण्याचा निश्चय व प्रभूची प्रार्थना. स्वतःच्या पापाकडे बघायलाही आधी कृपा मागायची! मानरेसात जो माणूस एकट्यानं खोदत बसला होता, त्यानंच हे शिकवलं. ज्याला स्वीकारलं जाण्याची खात्री आहे, तोच आपला दोष सबबी न सांगता बघू शकतो.

कृपेवर इतका भर दिला तर माणूस बेफिकीर होईल, ही पेलागियसची भीती आजही बोलून दाखवली जाते. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, असा प्रश्न पौलानं रोमकरांस पत्रात स्वतःच उपस्थित केला आणि ‘कधीच नाही’ असं उत्तर दिलं. जो ख्रिस्ताबरोबर पापाला मेला, तो त्यात पुढे कसा जगेल? फिलिप्पैकरांना तो सांगतो, भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, आणि त्याच दमात कारण देतो: कारण तुमच्या ठायी काम करणारा देव आहे. धडपड सुटत नाही. ती कोणाच्या भरवशावर करायची, ते बदलतं.

लिझियची तेरेझ ही फ्रान्समधली कार्मेल मठातली तरुण संन्यासिनी १८९७ मध्ये चोविसाव्या वर्षी क्षयानं वारली. श्रीमंतांच्या घरी तेव्हा नवीन निघालेली लिफ्ट तिनं पाहिली होती. परिपूर्णतेचा खडा जिना चढायला मी फार लहान आहे, असं तिनं लिहिलं. येशूचे हात हीच माझी लिफ्ट, म्हणून मला मोठं व्हायची गरज नाही, लहानच राहायला हवं. आयुष्याच्या संध्याकाळी मी तुझ्यापुढे रिकाम्या हातांनी येईन, माझी कृत्यं मोजू नकोस, असं तिनं १८९५ मध्ये प्रार्थनेत म्हटलं. मठातल्या कष्टांत मात्र तिनं कसूर केली नाही. १९९७ मध्ये कॅथलिक चर्चनं तिला चर्चच्या आचार्यांमध्ये, म्हणजे ज्यांची शिकवण साऱ्या चर्चसाठी मोलाची मानली जाते अशा संतांमध्ये, स्थान दिलं.

बाहेरून येणारा शब्द

हे सगळं पटलं तरी मन ऐकत नाही, असा अनुभव अनेकांना येतो. मनाची समजूत मनानंच घालायची, हे मुळात अवघड आहे. पुन्हा आरोपीही आपण आणि न्यायाधीशही आपणच. योहानाच्या पहिल्या पत्रात म्हटलं आहे की आपलं मन आपल्याला दोष देत असलं, तरी देव आपल्या मनापेक्षा थोर आहे आणि तो सगळं जाणतो. म्हणजे मनाशी वाद जिंकायची सक्ती नाही. मन दोष देत राहिलं तरी चालेल. शेवटचा शब्द त्याचा नाही.

म्हणूनच क्षमेचा शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची सोय ख्रिस्ती परंपरेनं पहिल्यापासून केली आहे. याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, असं सांगितलं आहे. कॅथलिक व ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये धर्मगुरूजवळ कबुली देतात. अँग्लिकन आणि लुथरन उपासनेत सगळे मिळून पाप कबूल करतात आणि धर्मगुरू क्षमेची घोषणा मोठ्यानं वाचतो. अशी सोय तुमच्या मंडळीत नसेल, तर विश्वासाची एखादी प्रौढ व्यक्ती शोधावी, तिला जे झालं ते थोडक्यात सांगावं, आणि ती जेव्हा ‘ख्रिस्तामध्ये तुला क्षमा आहे’ म्हणेल, तेव्हा ‘पण माझं पाप वेगळं आहे’ असं म्हणून तिला अडवू नये. आणि तुमच्याकडे कुणी असं मन मोकळं करायला आलं, तर ‘तू तसा वाईट नाहीस रे’ म्हणून त्याची समजूत काढू नका. त्याचं पाप पाप म्हणूनच ऐकून घ्या, आणि मग तेच क्षमेचं वाक्य त्याला स्पष्ट शब्दांत सांगा.